‘गेट’ या इंग्रजी क्रियापदाचे अनेक अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात मराठी माध्यमातून शिकणारी मुले घरात मराठी बोलतात, बसमध्ये आणि कचेरीत कन्नड ऐकतात, आणि दहावीच्या उंबरठ्यावर आल्यावर इंग्रजीच्या एका लहानशा क्रियापदापाशी येऊन अडतात. ‘गेट’ हे ते क्रियापद. दहावीचे व पी.यू.सी.चे (म्हणजे अकरावी-बारावीचे) विद्यार्थी, मुलाखतीची तयारी करणारी तरुण मंडळी आणि मुलांचा अभ्यास घेणारे पालक या क्रियापदाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वाचन सलग व्हावे म्हणून इंग्रजी वाक्येही देवनागरीतच लिहिली आहेत.

‘गेट’चा नेमका मराठी अर्थ कोणता?

नेमका असा एक अर्थ नाही, आणि वहीच्या समासात ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढेच लिहून ठेवण्याची सवय मोडल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही. ‘गेट’चा अर्थ त्याच्या मागून काय येते यावर ठरतो. मागून वस्तूचे नाव आले, तर अर्थ मिळणे, मिळवणे किंवा आणणे यांच्या आसपास राहतो: ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र मिळाले. मागून विशेषण आले, तर अर्थ होणे: ‘द टी गॉट कोल्ड’ म्हणजे चहा गार झाला. मागून ठिकाण आले, तर अर्थ पोहोचणे: ‘वी गॉट टू निपाणी अ‍ॅट नाइन’ म्हणजे आम्ही नऊ वाजता निपाणीला पोहोचलो. क्रियापदाचे तिसरे रूप आले, तर कर्त्याच्या बाबतीत काहीतरी घडले असा अर्थ होतो: ‘ही गॉट ट्रान्सफर्ड’ म्हणजे त्याची बदली झाली. आणि आधी माणूस, मग ‘टू’, मग क्रियापद असा क्रम आला, तर ‘करायला लावणे’ हा अर्थ निघतो: ‘शी गॉट हिम टू साइन’ म्हणजे तिने त्याला सही करायला लावली.

बहुतेक वाक्ये या पाच वाटांपैकी एखाद्या वाटेने सुटतात. उरलेल्या अर्थांत ‘समजणे’ हा महत्त्वाचा आहे. ‘आय डोन्ट गेट इट’ या वाक्यात हातात काही येत नाही असा अर्थ नसून डोक्यात काही शिरत नाही असा आहे.

एवढे अर्थ एका शब्दाला चिकटले कसे?

हा शब्द मुळात इंग्रजीचा नाही, निदान आज आहे त्या सुट्या रूपात तरी नाही. नवव्या शतकापासून डेन्मार्क आणि नॉर्वेच्या बाजूने आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वस्ती करून राहिले. त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेटा’ असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ मिळवणे, हाती लागणे असा होता. त्याच मुळाचा शब्द जुन्या इंग्रजीत होता, पण तो उपसर्गाला जोडूनच येई. आजच्या ‘फरगेट’मध्ये तो तसा शिल्लक आहे. सुटे ‘गेट’ मात्र नॉर्स शेजाऱ्यांकडून आले. ‘टेक’ही त्यांचेच, आणि त्याने तर जुन्या इंग्रजीतील ‘निमन’ हे घेणे या अर्थाचे क्रियापद पार हुसकावून लावले. ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्याच वाटेने आले.

सीमाभागात राहणाऱ्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द मराठीत कानडीतून आले, आणि ते आपल्या घरात इतके रुळले आहेत की त्यांचे मूळ सांगावे लागते. दोन भाषांचे लोक एका बाजारात व्यवहार करू लागले की आधी रोजच्या वापरातले शब्द इकडून तिकडे जातात.

हाती लागणे या मूळ अर्थापासून पुढचे अर्थ कसे फुटले असतील, हे समजून घेणे अवघड नाही. वस्तू हाती लागते तशी एखादी अवस्थाही ‘लागते’, म्हणून होणे. जागा गाठली जाते, म्हणून पोहोचणे. बोलण्याचा रोख पकडला जातो, म्हणून समजणे.

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेले क्रियापद हेच आहे का?

नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे कोशाचे नव्याने संपादन सुरू झाल्यावर ‘रन’ने त्याला मागे टाकले, आणि क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचे २०११ मध्ये वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. अर्थांच्या या शर्यतीत ‘गेट’ पहिले नसले, तरी रोजच्या बोलण्यात विद्यार्थ्याला ‘सेट’पेक्षा त्याचीच गाठ अधिक वेळा पडते.

मराठीत असे एखादे क्रियापद आहे का?

आहेत, आणि ती आपण विचार न करता वापरतो. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, झोप लागते, निकाल लागतो, फोन लागतो, आंबोली ओलांडली की कोकण लागते, मूल बोलू लागते, काम करावे लागते, आणि एखादी बाई नात्याने आपली मावशी लागते. परक्या माणसाला ‘लागणे म्हणजे काय’ हे एका शब्दात सांगून पाहा. ‘गेट’विषयीची अर्धी तक्रार तिथेच विरून जाईल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही अशा शब्दांखाली अर्थांना क्रमांक द्यावे लागले आहेत, आणि त्या कोशाची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची आहे. म्हणजे ही गुंतागुंत आजची नव्हे.

याचेच दुसरे रूप ‘लावणे’. आपण दिवा लावतो, रंग लावतो, गाडी झाडाखाली लावतो, टीव्ही लावतो, फोन लावतो. आता उत्तर कर्नाटकातले कन्नड आठवा. तेथे या सगळ्या ठिकाणी ‘हच्चु’ हे एकच क्रियापद चालते: दीप हच्चु, बण्ण हच्चु, गाडी हच्चु, फोन हच्चु. मराठी आणि कन्नड वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा असूनही शेजारामुळे त्यांची क्रियापदे अशी एका साच्यात बसली आहेत. त्यामुळे आपल्याकडच्या मुलाला एका क्रियापदाचे अनेक अर्थ सांभाळण्याचा सराव दोन भाषांमधून आधीच झालेला असतो, हे शिक्षकांनी वर्गात बोलून दाखवावे असे मला वाटते.

‘मला नोकरी मिळाली’ याचे इंग्रजी करताना मुले नेमकी कुठे चुकतात?

वाक्याच्या सुरुवातीलाच. मराठीत ‘मला नोकरी मिळाली’ असे म्हणताना कर्ता नोकरी असते. क्रियापदही तिच्याप्रमाणेच स्त्रीलिंगी होते, आणि ज्याला ती मिळाली तो माणूस ‘मला’ म्हणून बाजूला उभा राहतो. कन्नडमध्येही हेच: ‘ननगे केलसा सिक्कितु’. इंग्रजी हा मांड उलटा करते. तेथे माणूस कर्त्याच्या जागी येतो: ‘आय गॉट अ जॉब’. मुलांना मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा पाठिंबा एकाच चुकीला मिळत असल्यामुळे ‘टू मी गॉट जॉब’ किंवा ‘जॉब गॉट टू मी’ अशी वाक्ये उत्तरपत्रिकेत उतरतात.

उपाय साधा आहे. मराठी वाक्यात ‘मला, तुला, त्याला, आईला’ असा शब्द आणि जवळ मिळणे, येणे, होणे यांपैकी क्रियापद दिसले, की इंग्रजीत त्या माणसाला आधी कर्ता करावे. मला राग आला, ‘आय गॉट अँग्री’. आईला सर्दी झाली, ‘मदर गॉट अ कोल्ड’. त्याला बक्षीस मिळाले, ‘ही गॉट अ प्राइझ’.

मात्र प्रत्येक ‘मला’च्या वाक्यात ‘गेट’ घालायचे नसते. ‘मला भूक लागली आहे’ याला ‘आय अ‍ॅम हंग्री’ पुरे. ‘मला जळाल्याचा वास येतोय’ याला ‘आय अ‍ॅम गेटिंग बर्निंग स्मेल’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ‘आय कॅन स्मेल समथिंग बर्निंग’ हे अधिक सरळ इंग्रजी. ‘मला एक शंका आहे’ यासाठी ‘आय गॉट अ डाउट’ म्हणण्यापेक्षा ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे, कारण इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे मुख्यतः अविश्वास, आणि गुरुजींच्या बोलण्यावर अविश्वास दाखवण्याचा विद्यार्थ्याचा हेतू क्वचितच असतो.

‘मिळणे’ आणि ‘मिळवणे’ यांतला फरक ‘गेट’मध्ये कसा दाखवायचा?

‘गेट’ने तो दाखवता येत नाही. ‘शी गॉट द फर्स्ट रँक’ या वाक्यावरून तिने पहिला क्रमांक मिळवला की तिला तो मिळाला, हे कळत नाही; मराठीत मात्र या दोन क्रियापदांच्या निवडीतच बोलणाऱ्याचे मत दिसते. कष्टावर भर द्यायचा असेल तर इंग्रजीत ‘अर्न’ किंवा ‘विन’ वापरावे. शिवाय ‘गेट’ आणून देण्यासाठीही चालते: ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे मला थोडे पाणी आणून दे. दाराची घंटा वाजल्यावर घरातले कोणी ‘आय विल गेट इट’ म्हणाले, तर मी बघतो, दार मी उघडतो असा अर्थ घ्यावा.

‘मिळणे’ आणि ‘गेट’ अगदी तंतोतंत जुळतात असे एखादे ठिकाण आहे का?

आहे. ‘पाहायला मिळाले’, ‘बोलायला मिळाले’ या रचनेत. बेळगावचा किल्ला पाहायला गेलेला विद्यार्थी तेथल्या जैन मंदिराविषयी ‘आम्हांला कमल बस्ती पाहायला मिळाली’ असे म्हणतो, तेव्हा त्यात संधी मिळाल्याचा भाव असतो. इंग्रजीत तोच भाव ‘वी गॉट टू सी द कमल बस्ती’ असा येतो. या वाक्यात ‘हॅव’ घुसवले की मात्र अर्थ पालटतो: ‘वी हॅव गॉट टू सी द कमल बस्ती’ म्हणजे आपण कमल बस्ती पाहिलीच पाहिजे. आणि ‘वी गॉट टू द कमल बस्ती’ म्हणजे आम्ही तेथे पोहोचलो. ‘गॉट टू’ या दोन शब्दांचे हे तीन अर्थ मुलांना एकत्र दाखवावेत, कारण ते वेगवेगळ्या दिवशी शिकवले की एकमेकांत मिसळतात.

पोहोचण्याच्या अर्थी आणखी एक खोच आहे. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी ‘टू’ येत नाही. ‘वी गॉट होम लेट’ बरोबर. ‘वी गॉट टू होम’ चूक.

उलट बाजूने पाहिले तर ‘मिळणे’चे काही अर्थ ‘गेट’च्या आवाक्यात नाहीत. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. या ‘मिळते’साठी ‘जॉइन्स’ किंवा ‘मीट्स’ हवे. ‘आम्ही मिळून जाऊ’ यातल्या ‘मिळून’साठी ‘टुगेदर’.

‘आय अ‍ॅम गेटिंग लेट’ हे वाक्य चूक आहे का?

भारतात ते सर्वत्र चालते आणि ऐकणाऱ्याला समजते. त्यामुळे त्याला चूक म्हणण्यापेक्षा भारतीय इंग्रजी म्हणावे. ‘मला उशीर होतोय’ यातला ‘होतोय’ थेट ‘गेटिंग’ झाला आहे. इंग्लंड-अमेरिकेत या जागी ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ म्हणतात, आणि रात्र फार झाली असे सुचवायचे असेल तर ‘इट इज गेटिंग लेट’. म्हणजे ‘गेटिंग लेट’ माणसाला लावत नाहीत, वेळेला लावतात. परदेशी कंपनीच्या मुलाखतीला बसणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावा; टिळकवाडीतल्या मित्राला निरोप पाठवणाऱ्याने त्याची फार फिकीर करू नये.

होणे या अर्थाने ‘गेट’ वापरताना बदल चालू आहे की होऊन गेला, हे मात्र पाहावे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतो आहे. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार पडला आहे. मृगाच्या पावसात अंगणातले कपडे ‘गेट वेट’ होतात, आणि दोरीवरून काढताना ते ‘आर वेट’ असतात. जिथे मराठीत ‘होतो आहे, पडतो आहे, वाढतो आहे’ असे म्हणता येते, तेथे ‘गेट’ शोभते.

बसमधून उतरताना ‘गेट डाउन’ म्हणावे की ‘गेट ऑफ’?

मध्यवर्ती बसस्थानक आले की वाहक एका दमात ‘उतरा, उतरा’ आणि ‘इळीरी, इळीरी’ असे पुकारतो, पायरीवर पिशव्यांची रेटारेटी होते, आणि एखादा कॉलेजचा विद्यार्थी मागून ‘गेट डाउन, गेट डाउन’ म्हणतो. मराठी उतरणे आणि कन्नड इळियु या दोन्हींत वरून खाली येण्याचा अर्थ असल्यामुळे ‘डाउन’ सुचणे स्वाभाविकच आहे. भारतात ते रूढही आहे. पण भारताबाहेर बसमधून ‘गेट ऑफ’ होतात. शिडीवरून, भिंतीवरून, झाडावरून खाली यायचे असेल तर ‘गेट डाउन’. गोळीबारात खाली वाकायलाही ‘गेट डाउन’ म्हणतात, म्हणून परदेशातल्या बसमध्ये हे शब्द मोठ्याने उच्चारू नयेत हे बरे.

चढण्या-उतरण्याचा नियम असा: ज्या वाहनात उभे राहून दोन पावले चालता येते, त्यात चढताना ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’, बस, रेल्वे, सांबऱ्याहून उडणारे विमान, सगळी यात आली. ज्यात वाकून शिरावे लागते, त्या मोटारीला व रिक्षाला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. ज्यावर टांग टाकून बसतात, त्या सायकलला, मोटारसायकलला आणि घोड्याला पुन्हा ‘ऑन’ आणि ‘ऑफ’.

‘मी केस कापले’ याचे इंग्रजी ‘आय कट माय हेअर’ का नाही?

कारण इंग्रजीत त्या वाक्याचा अर्थ कात्री तुमच्याच हातात होती असा होतो. मराठीत ‘मी केस कापले’ म्हटले, तरी केशकर्तनालयात जाऊन कापून घेतले हे सगळ्यांना समजते. इंग्रजी ती गोष्ट वाक्यातच सांगायला लावते: ‘आय गॉट माय हेअर कट’. आधी ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. मराठीत जेथे जेथे ‘करून घेणे’ म्हणता येईल, तेथे ही रचना बसते. गाडी दुरुस्त करून घेतली, ‘आय गॉट माय स्कूटर रिपेअर्ड’. शहापुरात ब्लाउज शिवून घेतला, ‘शी गॉट अ ब्लाउज स्टिच्ड’. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या सुपरवायझरला ग्राहकाला सांगायचे असते की कास्टिंग तपासून घेतो, तेव्हा ‘आय विल चेक द कास्टिंग्ज’ आणि ‘आय विल गेट द कास्टिंग्ज चेक्ड’ यांत जबाबदारीचा फरक पडतो: पहिल्या वाक्यात तो स्वतः मापे घेणार आहे, दुसऱ्यात दुसऱ्याकडून घेववणार आहे. ईमेलमध्ये हा घोळ झाला, तर पुढे माल परत आल्यावर ‘तुम्ही स्वतः तपासला होता ना?’ असा प्रश्न येऊ शकतो.

माणसाकडून काम करवून घेण्याच्या तीन छटाही येथेच पाहून घ्याव्यात. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे त्याला सही करायला भाग पाडले, त्यात जबरदस्ती आहे. ‘आय हॅड हिम साइन’ म्हणजे सांगितले आणि त्याने केली, कारण ते त्याचे कामच होते. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे समजूत घालून, मागे लागून, कदाचित चहा पाजून सही घेतली. तिघांत ‘टू’ फक्त ‘गेट’ला लागतो, आणि परीक्षेत रिकामी जागा बहुधा तेथेच असते.

एक सावधगिरी. हीच रचना नको असलेल्या घटनेसाठीही येते. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे माझे बोट दारात चेमटले. येथे ‘चेमटवून घेतले’ असा अर्थ कोणी करू नये. संदर्भ पाहून ठरवावे.

‘वॉज मॅरीड’ आणि ‘गॉट मॅरीड’ यांत काय फरक?

‘शी वॉज मॅरीड’ याचा अर्थ ती विवाहित होती असाही होतो. ‘शी गॉट मॅरीड’ म्हणजे तिचे लग्न झाले, ती घटना घडली. लग्न कोणाशी झाले हे सांगताना आपण ‘शी’ हा प्रत्यय किंवा ‘सोबत’ वापरतो, त्यामुळे हात आपोआप ‘विथ’कडे जातो. इंग्रजीत ‘टू’ हवे: ‘शी गॉट मॅरीड टू अ टीचर फ्रॉम येळ्ळूर’. 

निवड झाली, बदली झाली, पगार झाला, मार बसला, हे सारे याच पद्धतीने होते: ‘गॉट सिलेक्टेड’, ‘गॉट ट्रान्सफर्ड’, ‘गॉट पेड’, ‘गॉट बीटन’. कर्त्याचे काही भले किंवा वाईट झाले असेल तर ही रचना खुलते. ‘हा किल्ला तेराव्या शतकात बांधला गेला’ अशा कोरड्या माहितीच्या वाक्यात ‘गॉट बिल्ट’ विचित्र दिसते. तेथे ‘वॉज बिल्ट’ लिहावे.

तिसरे रूप ‘गॉट’ की ‘गॉटन’?

आपल्या शाळांत ‘गेट, गॉट, गॉट’ शिकवतात, ते ब्रिटिश वळण. अमेरिकेत तिसरे रूप ‘गॉटन’ आहे, आणि ते अशुद्ध मुळीच नाही. उलट तेच जुने. ‘फरगॉटन’मध्ये ते ब्रिटिशांनीही जपले आहे. अमेरिकी माणूस या दोन रूपांत भेद करतो: ‘ही हॅज गॉट अ कार’ म्हणजे त्याच्याकडे मोटार आहे, ‘ही हॅज गॉटन अ कार’ म्हणजे त्याने मोटार मिळवली. ‘हॅव गॉट’ हे दिसायला पूर्ण वर्तमानकाळ असले, तरी अर्थाने साधे ‘आहे’ असते, हे दोन्हीकडे सारखेच. दहावीच्या परीक्षेत ‘गॉट’ लिहावे.

या ‘गेट’चा आणि रेल्वेच्या गेटचा काही संबंध आहे का?

बेळगावात हा प्रश्न येणारच, कारण येथे नुसते ‘गेट’ म्हटले की टिळकवाडीचे पहिले, दुसरे आणि तिसरे रेल्वे गेट डोळ्यांपुढे येते. दोन्ही शब्द देवनागरीत सारखे दिसतात. इंग्रजीत त्यांचे स्पेलिंग वेगळे आणि उच्चारही वेगळा. क्रियापदातला ‘ए’ आखूड आणि तुटक आहे, फाटकाच्या शब्दातला लांब असून शेवटी ‘इ’कडे झुकतो. मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी हा भेद मिटतो, म्हणून मुद्दाम सराव करावा. फाटकाचा ‘गेट’ जुन्या इंग्रजीतला आहे. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात ‘स्टोनगेट’, ‘मिकलगेट’ अशी रस्त्यांची नावे आहेत, आणि त्यांतला ‘गेट’ हा नॉर्स ‘गाटा’ म्हणजे रस्ता या शब्दाचा आहे. तेथे फाटक शोधू नये.

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ असे जोडशब्द पाठ कसे करावेत?

यादी करून पाठ करू नयेत. ती चार दिवसांत विसरते. प्रत्येकाला आपल्या बोलण्यातला एकेक वाक्प्रचार जोडून द्यावा, म्हणजे तो स्मरणात राहतो. ‘गेट बाय’ म्हणजे कसेबसे भागवणे. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे. शेजाऱ्यांशी पटत नाही, ‘वी डोन्ट गेट अलाँग’. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. ‘गेट थ्रू’ला आपल्याकडे दोन शब्द लागतात: परीक्षेतून पार पडणे आणि फोन लागणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे चूक किंवा लबाडी पचणे. ‘ही गॉट अवे विथ इट’ याला ‘त्याचे खपून गेले’ यापेक्षा चांगले मराठी सुचत नाही. ‘गेट ईव्हन’ म्हणजे उट्टे काढणे, ‘गेट विंड ऑफ’ म्हणजे कुणकुण लागणे, ‘गेट कोल्ड फीट’ म्हणजे ऐन वेळी कच खाणे, ‘गेट टू द बॉटम ऑफ’ म्हणजे छडा लावणे, आणि ‘गेट ऑन माय नर्व्ह्ज’ म्हणजे डोक्यात जाणे. शब्दाला शब्द ठेवून यांतला एकही नीट उतरत नाही.

‘गेट अप’ आणि ‘वेक अप’ यांत मुले गल्लत करतात. जाग येणे म्हणजे ‘वेक अप’, अंथरूण सोडणे म्हणजे ‘गेट अप’; थंडीच्या दिवसांत या दोहोंत बराच वेळ जातो.

अर्जात आणि निबंधात ‘गेट’ वापरावे का?

शक्यतो टाळावे. ‘गेट’ बोलण्यातले क्रियापद आहे. मुख्याध्यापकांना किंवा बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात ‘आय गॉट युअर लेटर’ऐवजी ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’ लिहावे. तसेच दाखला मिळवण्यासाठी ‘ऑब्टेन’, होण्यासाठी ‘बिकम’, पोहोचण्यासाठी ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’, समजण्यासाठी ‘अंडरस्टँड’. याच्या उलट, मित्राशी बोलताना ‘आय ऑब्टेन्ड अ टिकेट’ म्हणणारा मुलगा पुस्तकातून उठून आल्यासारखा वाटतो. संवादलेखनाचा प्रश्न असेल तर ‘गेट’ मोकळेपणाने वापरावे. तेथे ते नैसर्गिक दिसते.

‘आय अ‍ॅम नॉट गेटिंग यू’ असे म्हटले तर चालेल का?

आपसात चालते. ‘तुमचे म्हणणे माझ्या लक्षात येत नाही’ याचे ते भारतीय रूप आहे. भारताबाहेर ‘आय डोन्ट गेट यू’ किंवा अधिक सभ्यपणे ‘आय डोन्ट फॉलो यू’ असे म्हणतात, कारण समजणे या अर्थाने ‘गेट’ला सहसा ‘गेटिंग’ करत नाहीत. फोनवर आवाजच ऐकू येत नसेल, तर ‘आय कान्ट हिअर यू’ म्हणावे.

‘गॉट इट?’ आणि कन्नडमधले ‘गोत्तु’ हे एकाच मुळाचे आहेत का?

नाहीत. वर्गात ‘गॉट इट?’ विचारल्यावर मागच्या बाकावरून ‘गोत्तु’ असे उत्तर आले, तर ते समयोचित असते एवढेच. ‘ननगे गोत्तु’ म्हणजे मला माहीत आहे. दोन शब्दांचा सारखेपणा केवळ ध्वनीचा आहे.

‘गेट लॉस्ट’ ही शिवी आहे का?

आज्ञार्थी म्हटले तर ती शिवी नसली, तरी अपमान नक्कीच आहे: चालता हो, तोंड काळे कर. शिक्षकांशी, वडीलधाऱ्यांशी किंवा गिऱ्हाइकाशी बोलताना ते थट्टेतही तोंडातून जाऊ नये. कर्ता घेऊन आले की मात्र तेच शब्द निरुपद्रवी होतात. ‘वी गॉट लॉस्ट निअर जांबोटी’ म्हणजे जांबोटीजवळ आम्ही वाट चुकलो, आणि ‘माय बॅग गॉट लॉस्ट’ म्हणजे माझी पिशवी हरवली.